शेवाळाचा जिना

हायलोकोमियम स्प्लेन्डेन्स. नाव भारदस्त, पण आहे साधं मॉस, उत्तरेकडच्या जंगलांत जमिनीवर पसरणारं शेवाळ. ते जिन्यासारखं वाढतं : जुन्या पायरीवर दरवर्षी एक नवी पायरी. आम्ही कोड लिहिणारे ज्याला व्हर्जन हिस्टरी म्हणतो, ती इथे जिवंत आहे.

स्वीडिश वनशास्त्रज्ञ कार्ल ओलोफ टाम यांनी १९५३ मध्ये ती वाचली. मुळं नसलेल्या या मॉसला पोषण कुठून मिळतं? मुख्यतः झाडांवरून ठिबकणाऱ्या पावसातून, असं त्यांनी दाखवलं.

पण स्वीडनच्या अगदी उत्तरेला, आबिस्कोत, उन्हाळा जेमतेम आणि नायट्रोजन तुटपुंजा. मग नवी पायरी कशावर वाढते? एकस्टाइन आणि कार्लसन यांनी तिथल्या मॉसला ओळखू येईल असा जड नायट्रोजन देऊन त्याचा माग काढला. १९९९ मध्ये निष्कर्ष छापून आला : जुन्या पायऱ्यांतला नायट्रोजन वर, नव्या पायरीकडे सरकतो.

म्हणजे खालच्या पायऱ्या ही नुसती अडगळ नाही, पुढच्या उन्हाळ्याची शिदोरी आहे. अशा गालिच्यावर बूट पडला, तर आजची हिरवाई तुटतेच. कित्येक वर्षांची शिल्लकही जाते.