घंटेनंतरची शाळा

शाळांचा इतिहास सांगताना आपण इमारतींची साले सांगतो. अमुक साली पाया घातला, तमुक साली हायस्कूल झाले, असा तो इतिहास असतो. परंतु मूल शाळेत असते दिवसाकाठी पाच-सहा तास. सुटीची घंटा झाल्यावर त्याच्या भाकरीची, दिव्याची आणि बसायच्या जागेची सोय कोणी पाहिली, हे त्या सनावळीत सापडत नाही. आम्हांला असे वाटते की, महाराष्ट्रात बहुजनांचे शिक्षण उभे राहिले ते या उरलेल्या तासांची जबाबदारी समाजातील काही माणसांनी घेतली म्हणून. आज तोच धागा आपण थोडा उलगडून पाहू.

१८८२ साली हंटर आयोगापुढे दिलेल्या निवेदनात जोतीराव फुले यांनी कुणब्याचे मूल शाळेत का येत नाही याचे कारण सरळ सांगितले: घरच्या दारिद्र्यामुळे त्याला गुरे राखावी लागतात, शेतावर जावे लागते. मुलाचा दिवस आधीच विकला गेलेला असतो, ही गोष्ट त्यांनी कागदावर मांडण्यापूर्वीच ओळखली होती. १८५५ साली जोतीराव आणि सावित्रीबाई यांनी शेतकरी व कामकरी यांच्यासाठी रात्रशाळा काढली. दिवस कामाचा असेल तर शिक्षणाने रात्रीचा आसरा घ्यावा, हा त्यातला साधा विचार.

पुढचा प्रश्न होता खेड्यातून शहरात आलेल्या मुलाचा. त्याला शाळेत प्रवेश मिळे, पण राहावे कोठे आणि जेवावे कोठे? कोल्हापुरात राजर्षी शाहू छत्रपतींनी १९०१ साली मराठा वसतिगृहापासून आरंभ केला, आणि मग जैन, मुसलमान, लिंगायत अशा एकेका समाजाची वसतिगृहे उभी राहिली. अस्पृश्य मानलेल्या मुलांसाठी १९०८ साली मिस क्लार्क बोर्डिंग निघाले. दरबाराने आश्रय द्यावा आणि त्या त्या समाजाने आपल्या मुलांचा भार उचलावा, अशी ही भागीदारी होती. तिने शेकडो घरांत पहिला शिकलेला माणूस दिला, हे विसरून चालणार नाही.

तथापि या रचनेत एक उणीव होती, आणि ती एका विद्यार्थ्याच्या वाट्याला आली. भाऊराव पाटील तेव्हा कोल्हापुरात जैन वसतिगृहात राहत. मिस क्लार्क बोर्डिंगच्या समारंभाला ते गेले. परत आल्यावर आंघोळ करूनच आत यावे, असे त्यांना सांगण्यात आले. त्यांनी ते नाकारले, आणि वसतिगृहाला मुकले. समाजाने शाळेला हात द्यावा हे खरे. पण समाज म्हणजे कोण? आपली जात, की आपले गाव? हा प्रश्न त्या दिवशी उभा राहिला.

भाऊरावांनी त्याचे उत्तर कृतीने दिले. १९१९ साली कऱ्हाडजवळच्या काले या गावी त्यांनी रयत शिक्षण संस्था स्थापन केली आणि १९२४ साली तिचे ठाणे साताऱ्यास हलवले. तेथील वसतिगृहात सर्व जातींची मुले एका पंक्तीस बसत. स्वयंपाक, झाडलोट, शेतातले काम आपल्या हातांनी करीत. १९२७ साली महात्मा गांधींच्या हस्ते त्या वसतिगृहास शाहू महाराजांचे नाव देण्यात आले. ज्यांच्या कार्यातून स्फूर्ती घेतली, त्यांच्याच रचनेतील उणीव भरून काढून हे नाव मिरवले गेले. या घराला धान्य दिले ते गावोगावच्या लोकांनी. आणि धान्य संपले तेव्हा लक्ष्मीबाईंनी आपले दागिने, शेवटी मंगळसूत्रही दिले. संस्थेच्या जमाखर्चात ही रक्कम मोठी नसेल. पण ती आमच्या मते पहिल्या पानावर लिहावी अशी आहे.

शाळेबाहेर पडून समाजाकडे जाण्याचे धाडस याहूनही पुढे गेले ते ठाणे जिल्ह्यातील (आता पालघर) कोसबाडला. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ साली बोर्डीस आरंभिलेले काम १९५७ साली त्या टेकडीवर नेले. आदिवासी मुले शाळेत येत नाहीत, तर शाळा त्यांच्या अंगणात न्यावी. मुले गुरांमागे जातात, तर गुरुजींनीही कुरणात जावे. त्यातूनच अंगणवाडी आणि कुरणशाळा हे शब्द रूढ झाले. फुल्यांनी सांगितलेल्या अडचणीला पाऊणशे वर्षांनी मिळालेले हे उत्तर होय.

याच सुमारास, १९५९ साली, सातारा जिल्ह्यात ग्रामशिक्षण मोहीम निघाली आणि पुढे राज्यभर पसरली. शिक्षकांनी व शिकल्यासवरल्या गावकऱ्यांनी रात्री प्रौढांना अक्षरे शिकवली. सारे गाव साक्षर झाले की ग्रामगौरवाचा समारंभ होई. परंतु समारंभानंतर रोज वाचायला काही हाती राहिले नाही तेथे अक्षरे पुन्हा पुसली गेली. उत्साह एका हंगामाचा असतो. दिवा मात्र रोज लावावा लागतो.

श्रोतेहो, आज काय दिसते? २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत किमान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत असे ठरवले आहे. म्हणजे जे पूर्वी मागावे लागे, ते आता कायद्याने हाती दिले आहे. पण घंटेनंतरचा तास मात्र ज्याला परवडेल त्याने शिकवणी लावून विकत घ्यावा, अशी आपण रीत पाडली आहे. ज्याला परवडत नाही त्याचे मूल जिन्यावर बसते, नाहीतर हातगाडीवर बापाला मदत करते. हे मूल आपण सारे रोज पाहतो.

१८७५ साली पुण्यात न्यायमूर्ती रानडे प्रभृतींनी वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तीही कामधंद्यातून मोकळ्या झालेल्या माणसांची संध्याकाळ शिक्षणासाठी राखावी म्हणूनच. मोठ्यांची ही सोय आपण टिकवली. आपल्या पेठेतले एखादे वाचनालय, एखाद्या देवळाची ओसरी, शाळेचीच एखादी बंद खोली संध्याकाळचे दोन तास त्या जिन्यावरच्या मुलासाठी उघडी ठेवता येणार नाही काय? किल्ली कोणाजवळ आहे, याची चौकशी उद्या सकाळीच करता येईल.