सव्विसावं कलम

१९७५ चा पावसाळा, आणीबाणीचा. मला टपाल खात्यात लागून तीन वर्षं झाली होती आणि नगर जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी मी तिकीट-खिडकीवर बसत होतो. शाळेत मला इतिहास शिकवलेले गुरुजी आले. मागे कोणी उभं नाही ना ते त्यांनी बघितलं, जाळीला तोंड लावलं आणि विचारलं, "काय रे, पत्रं फोडता का तुम्ही लोक?"

"छे हो, गुरुजी."

खरं म्हणजे मला ठाऊकच नव्हतं. माझं काम तिकिटं, मनीऑर्डरी आणि रजिस्टरं. कुठे काही फुटत असलंच, तर ते माझ्या खिडकीवर थोडंच होणार? पण गुरुजींना 'नाही' ऐकायचं होतं, आणि मलाही 'नाही' म्हणणं सोयीचं होतं. त्यांचा पुतण्या मिसा या स्थानबद्धतेच्या कायद्याखाली येरवड्याच्या तुरुंगात होता. त्यांनी हातातलं निळं आंतरदेशीय पत्र जाळीखालून परत सरकवलं. "कार्ड दे. ते उघडंच असतं. त्यात काय फोडणार?"

त्या रात्री मी खात्याचं नियमांचं पुस्तक काढून बसलो. परीक्षेसाठी पाठ केलेला, पण कधी वाचलेला नव्हता तो १८९८ चा पोस्ट ऑफिस कायदा. कलम २६. सार्वजनिक आणीबाणी उद्भवली किंवा सार्वजनिक सुरक्षिततेसाठी, शांततेसाठी गरज पडली, तर सरकार किंवा त्याने नेमलेला अधिकारी कोणतंही टपाल अडवू शकतो, ठेवून घेऊ शकतो. पुढचं पोटकलम याहून मजेदार. आणीबाणी खरोखर आहे की नाही अशी शंका आलीच, तर सरकारने दिलेला दाखला हाच त्याचा निर्णायक पुरावा. आजारी आहे की नाही हे ठरवायचं रोग्याने, आणि दाखल्यावर सहीही त्याचीच!

हा कायदा झाला त्याच्या आदल्या वर्षी पुण्यात प्लेग होता, रँडचा खून झाला होता आणि टिळकांवर राजद्रोहाचा पहिला खटला चालला होता. सरकार घाबरलेलं होतं. घाबरलेलं सरकार आधी कुठे हात घालतं, तर टपालाच्या थैलीत.

आमच्या नगरला याची सवय जुनी. पुण्याला एकदा तिकिटांच्या प्रदर्शनात मी एक पिवळट पाकीट पाहिलं होतं. नगरच्या छावणीतून एका युद्धकैद्याने पाठवलेलं, वर सेन्सॉरचा शिक्का. दक्षिण आफ्रिकेतल्या लढाईतले बोअर कैदी इंग्रजांनी नगरला आणून ठेवले होते. पहिल्या महायुद्धात जर्मन आणि ऑस्ट्रियन आले. दुसऱ्यात पुन्हा जर्मन, आणि त्यांच्यात पुढे तिबेटला पळून गेलेला गिर्यारोहक हाइनरिक हॅरर. संग्राहक असली पाकिटं मोठ्या किमतीला घेतात. मी मात्र शिक्क्याकडे सॉर्टरच्या नजरेने बघत होतो. ठसा नीट उठलेला, शाई सारखी लागलेली. काम करणारा माणूस नेटका असणार.

माझे वडील १९४२ साली नगर शहरात पोस्टमन होते. माळीवाड्याकडची बीट, पायात वहाणा, खांद्याला खाकी थैली. ९ ऑगस्टला पहाटे मुंबईत काँग्रेसच्या पुढाऱ्यांची धरपकड झाली. खास गाडीने त्यांना हलवलं. गांधीजींना चिंचवडला उतरवून आगाखान पॅलेसमध्ये नेलं, आणि कार्यकारिणीची मंडळी पुढे नगरच्या किल्ल्यात आणली. नेहरू, पटेल, मौलाना आझाद, गोविंद वल्लभ पंत, कृपलानी, असफ अली, सय्यद महमूद, आचार्य नरेंद्र देव, पट्टाभी सीतारामय्या, प्रफुल्लचंद्र घोष, हरेकृष्ण महताब आणि आपले शंकरराव देव. एकूण बारा जण. त्यांना कुठे ठेवलंय हे सरकार सांगत नव्हतं, पत्रं मुंबई सरकारच्या हातून जायची-यायची. वडील सांगत, बाहेर जाहीर नव्हतं ते भिंगारच्या भाजीवाल्या बायकांनाही ठाऊक होतं. पण पाकिटावर 'नगर किल्ला' असं लिहून कोणी पत्र टाकलेलं त्यांनी कधी पाहिलं नाही. माहीत असणं वेगळं आणि ते शाईने लिहिणं वेगळं.

किल्ल्याला कोंडण्याचा सराव होताच. १७९७ च्या अखेरीस शिंद्यांच्या फौजेने नाना फडणवीसांना पकडलं आणि काही महिने याच किल्ल्यात डांबलं. नानांचं सगळं बळ बातमीत. हैदराबाद, श्रीरंगपट्टण, कलकत्ता, सगळीकडची नाडी त्यांच्या हातात असायची ती बातमीदारांच्या पत्रांमुळे. असल्या माणसाला मारावं लागत नाही, त्याची डाक तोडली की पुरे.

इंग्रजांनीही तेच केलं. सुरुवातीचे काही आठवडे वर्तमानपत्रसुद्धा नाही. पत्रं फक्त घरच्यांना, आणि घरगुती मजकुराचीच. देश पेटलेला आणि देशाची कार्यकारिणी गुलाबाची आळी खणत बसलेली. नेहरूंना खणण्याचा नाद होता. माती उकरताना जुन्या भिंती लागल्या, एकदा दगडात कोरलेलं कमळ लागलं, पण जास्त खोल जायला परवानगी नव्हती. एप्रिल ते सप्टेंबर १९४४ या पाच महिन्यांत त्यांनी तिथेच 'डिस्कव्हरी ऑफ इंडिया'ची हजारभर पानं लिहून काढली, हे शाळेतलं पोरही सांगतं.

मला टपालवाला म्हणून जास्त ओढ आहे ती मौलानांच्या पत्रांची. पहाटे अंधारात उठायचं, चिनी चहा स्वतः करून घ्यायचा आणि नवाब सदर यार जंग, म्हणजे हबीबुर्रहमान खान शेरवानी या मित्राला पत्र लिहायचं. चहावर, किल्ल्यावर, खोलीत घरटं करणाऱ्या चिमण्यांवर, संगीतावर. पत्रं जाणार नाहीत हे त्यांना माहीत होतं. लिहून बाजूला ठेवायची. किल्ल्याच्या सुपरिंटेंडंटला त्यांनी चीता खान असं नाव ठेवलं होतं, तेही चांदबिबीच्या काळातल्या एका हबशी सरदाराचं. एप्रिल १९४३ मध्ये कलकत्त्याला त्यांच्या पत्नी झुलेखा बेगम वारल्या. त्या आजारी असताना सरकारकडे अर्ज केला असता तर कदाचित भेट मिळाली असती, पण मौलानांनी अर्ज केला नाही. ते दुःखही एका न धाडलेल्या पत्रातच गेलं. १९४६ साली ही पत्रं 'गुबार-ए-खातिर' नावाने छापून आली.

आमच्या खात्यात पत्ता न सापडणारी पत्रं मुंबईच्या परत-पत्र कार्यालयात जायची. जुने लोक त्याला डेड लेटर ऑफिस म्हणत. पाठवणाऱ्याचा ठावठिकाणा शोधायला पाकीट उघडायचा रोजचा अधिकार तेवढाच तिथल्या लोकांना. नगरमधून लिहिलेली सर्वांत नामांकित पत्रं मात्र त्या कार्यालयातही गेली नाहीत, कारण ती पेटीतच पडली नाहीत. वडिलांच्या थैलीपासून दीड-दोन मैलांवर ती लिहिली जात होती. मी हे त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "मग बटवडा झाला कसा म्हणायचा?" मी म्हटलं, पुस्तक झालं ना. त्यांना ते काही पटलं नाही.

त्याच काळात नगरचेच अच्युतराव पटवर्धन भूमिगत होते. १९०५ साली नगरात जन्मलेले, १९३६ च्या कार्यकारिणीत असलेले, आणि पोलिसांना शेवटपर्यंत न सापडलेले. मुंबईत उषा मेहता आणि त्यांचे सोबती चोरून काँग्रेस रेडिओ चालवत होते, तो नोव्हेंबर १९४२ मध्ये पकडला गेला. पत्र अडवता येतं, लहरींना लाखेचा शिक्का नसतो. तरीही तीन महिन्यांत सापडला.

मार्च १९४५ मध्ये किल्ल्यातल्यांना आपापल्या प्रांतांत हलवलं. दोन वर्षांनी राज्य बदललं. आणि इथे माझ्या डोक्यातला हिशेब लागत नाही. त्या बारांपैकी एक पंतप्रधान झाले. दोघे देशाचे गृहमंत्री झाले, पटेल लगेच आणि पंत १९५५ पासून. पटेलांनी फेब्रुवारी १९५० मध्ये, राज्यघटना लागू होऊन महिनाही झाला नव्हता तेव्हा, प्रतिबंधक स्थानबद्धतेचं विधेयक संसदेत मांडलं. फाळणीच्या जखमा ओल्या होत्या, तेलंगणात सशस्त्र लढा चालू होता. कारणं खोटी होती असं मी म्हणणार नाही, कारणं १८९८ सालीही खोटी नव्हती. कलम २६ जिथल्या तिथे. ज्यांच्या स्वतःच्या पत्रांवर कात्री चालली होती, त्यांच्या राज्यात मी ते पाठ करून परीक्षा दिली. कात्री ज्याच्या हाती येते त्याला ती धारदार असलेलीच बरी वाटते.

मग १९७५. आणीबाणी आली, २६ जूनपासून वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. डिसेंबरात कऱ्हाडच्या साहित्य संमेलनात दुर्गाबाई भागवत अध्यक्ष होत्या, यशवंतराव चव्हाण स्वागताध्यक्ष, आणि त्यांच्यासमोर दुर्गाबाई बोलायचं ते बोलल्या. पुढे त्यांना अटक झाली. फेब्रुवारी १९७६ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने सेन्सॉरविरुद्ध दाद मागणाऱ्या मिनू मसानींच्या बाजूने निकाल देऊन त्याला त्याची हद्द दाखवली. आणि किल्ल्यातल्या बारांपैकी हरेकृष्ण महताब त्याच आणीबाणीत तुरुंगात गेले. नगरच्या किल्ल्यात ज्या नेहरूंबरोबर त्यांनी कैद भोगली, त्यांच्याच लेकीच्या राज्यात.

आमच्या तालुक्याला हे सगळं उशिरा आणि कुजबुजत कळलं. मला दिसत होतं ते खिडकीवर. आंतरदेशीय पत्रांचा खप घटला की नाही हे मी मोजलं नाही, पण लोक विचारायचे. डाव्या पक्षाचा एक कार्यकर्ता पाकिटाला डिंक लावून त्यावर आडवी सही करायचा. एका बाईंनी मुलाला लिहिलेलं पत्र पुन्हा पेटीतून काढून मागितलं. "त्यात महागाईचं लिहिलंय हो." मी नियम सांगितला. त्या तिथेच रडायला लागल्या. त्यांचं पत्र कोणी फोडलं असेल असं मला वाटत नाही. कोणाला वेळ होता? पण पत्र न फोडता काम होत होतं.

१९८६ मध्ये या कायद्याला दुरुस्ती आली, टपाल अडवण्याचा अधिकार आणखी ऐसपैस करणारी. दोन्ही सभागृहांनी संमत केली. राष्ट्रपती ग्यानी झैलसिंगांनी तिच्यावर सही केली नाही, परतही पाठवली नाही, नुसती ठेवून घेतली. टपालाच्या भाषेत सांगायचं तर त्यांनी ती अडवली. फरीदकोट संस्थानच्या राजाने त्यांना तरुणपणी पाच वर्षं तुरुंगात ठेवलं होतं. पुढे ते विधेयक बारगळलं. आमच्या कार्यालयात त्या दिवसांत चहाला एवढा रंग होता! खात्यावर देशभर चर्चा चालली होती, असा प्रसंग आमच्या नशिबी क्वचित येतो.

२०२४ साली दोन गोष्टी झाल्या. जामखेड तालुक्यातल्या चौंडीच्या अहिल्यादेवींच्या नावाने जिल्ह्याचं आणि शहराचं नाव अहिल्यानगर झालं. आणि १८ जूनपासून नवा पोस्ट ऑफिस कायदा लागू झाला, १८९८ चा रद्द. मी निवृत्त माणूस, तरी नातवाकडून मोबाइलवर उघडून घेतला. टपाल अडवण्याची तरतूद आहे. आता ती कलम ९ आहे. पिनकोड ४१४००१ तसाच आहे.

किल्ला लष्कराच्या ताब्यात आहे. ओळखपत्र दाखवून आत जाता येतं, पुढाऱ्यांच्या खोल्या जपून ठेवल्या आहेत. वडिलांना मी एकदाच नेलं. त्यांनी खोल्या पाहिल्या नाहीत, दारात उभं राहून विचारलं, "यांची टपालपेटी कुठे होती?"

गुरुजींचं राहिलं. मार्च १९७७ मध्ये निवडणुकीचे निकाल लागले, पुतण्या सुटून घरी आला. गुरुजी पेढ्यांचा पुडा घेऊन खिडकीवर आले. मोठ्याने बोलत होते, रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल असे. मला पेढा दिला, शिपायाला दिला, मागच्या अनोळखी माणसालाही दिला. मग पुतण्याच्या मित्राला पुण्याला कळवायचं म्हणून खिशातून सुटे पैसे काढले. मी आंतरदेशीय पत्र पुढे केलं.

"नको रे," ते म्हणाले. "कार्डच दे."