किल्ल्यावरचे शून्य आणि घोड्याची किंमत

दाना ओलीपासून ग्वाल्हेरचा किल्ला काही लांब नाही. पाहुणे आले की आपण त्यांना मानमंदिर, सासबहू, तेली का मंदिर हौसेने दाखवतो. चढणीवरच्या छोट्या चतुर्भुज मंदिरापाशी मात्र क्वचितच थांबतो. एकाच खडकातून कोरलेल्या या विष्णुमंदिरात विक्रम संवत ९३३, म्हणजे इ.स. ८७६ चा शिलालेख आहे. देवाच्या फुलबागेसाठी २७० हात लांब व १८७ हात रुंद जमीन दिली आणि देवाला रोज ५० माळा मिळण्याची व्यवस्था केली, अशी त्यात नोंद आहे. २७० आणि ५० मधले शून्य आज आपण लिहितो तसेच, लहानसे वर्तुळ. कचेरीत जमिनीचे कागद हाताळणाऱ्यांना ही भाषा ओळखीची वाटेल: लांबी किती, रुंदी किती, कशासाठी दिली. आपल्याकडचे गणित असे व्यवहाराच्या बोटाला धरून चालत आले.

पुढे ११५० मध्ये भास्कराचार्यांनी ‘सिद्धान्तशिरोमणी’ रचला. ‘बीजगणित’ हा त्याचाच एक भाग. खानदेशात चाळीसगावजवळ पाटण येथे त्यांचे नातू चांगदेव यांनी आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापला, हे तिथल्या शिलालेखावरून कळते.

‘बीजगणिता’तले एक उदाहरण पाहा. एकापाशी ६ घोडे आणि रोख ३००. दुसऱ्यापाशी १० घोडे, पण डोक्यावर १०० चे कर्ज. सर्व घोडे सारख्या किमतीचे आणि दोघांची मत्ताही सारखी. तर एका घोड्याची किंमत किती? ठाऊक नसलेल्या किमतीला भास्कराचार्य ‘यावत्तावत्’ म्हणतात आणि मांडताना नुसते ‘या’ लिहितात. शाळेत आपण ‘क्ष’ म्हणतो. कर्जाच्या आकड्यावर ते टिंब देतात.

आता दोघांकडून ६-६ घोडे बाजूला काढा. पहिल्याकडे ३०० उरले. दुसऱ्याकडे ४ घोडे आणि १०० चे कर्ज. दोघांनाही १००-१०० द्या. कर्ज फिटले, आणि ४ घोडे बरोबर ४००. म्हणजे घोडा १०० चा, आणि प्रत्येकाची मत्ता ९००.

इथेच न थांबता मुलांना पुढचा प्रश्न विचारावा: घोडा महागला तर? १२० धरला तर पहिल्याचे १०२० होतात आणि कर्जदाराचे ११००. ८० धरला तर पहिल्याचे ७८०, दुसऱ्याचे ७००. किंमत १०० च्या वर गेली की कर्जदार वरचढ, खाली आली की रोकडवाला. पुस्तकातली ‘असमानता’ ती हीच.

ही विद्या आपल्या मध्य प्रदेशात पुन्हा रुजवण्यात मराठी माणसांचा हात आहे. भोपाळजवळच्या सिहोरला पोलिटिकल एजंट लान्सलॉट विल्किन्सन यांच्या आश्रयाने संस्कृत पाठशाळा चाले. तिथल्या सुबाजी बापूंनी १८३६ मध्ये ‘सिद्धान्तशिरोमणिप्रकाश’ हे पुस्तक मराठीत लिहिले. १८२१ मध्ये जन्मलेले बापूदेव शास्त्री नागपूरला ‘लीलावती’ व ‘बीजगणित’ शिकले. विल्किन्सननी त्यांना सिहोरला आणले आणि १८४२ मध्ये ते काशीच्या संस्कृत कॉलेजात अध्यापक झाले. पुढे त्यांनी बीजगणित हिंदीत लिहिले. शिकले संस्कृतात, घरची भाषा मराठी, आणि लिहिले जिथे राहत होते तिथल्या मुलांच्या भाषेत.

आपली मुले घरी मराठी, गल्लीत हिंदी आणि शाळेत इंग्रजी बोलतात. आकडेमोड त्यांना येते. अडतात ती शाब्दिक उदाहरणांशी. काय दिले आहे आणि काय विचारले आहे, हे आधी आपल्या शब्दांत सांगता आले पाहिजे. खरे बीज म्हणजे बुद्धीच, असे भास्कराचार्य सांगतात; पण त्या बुद्धीला बोलायला भाषा लागते. गणिताची भीती घेऊन दहावीनंतर हा विषय सोडणारी मुले आपल्या प्रत्येक गल्लीत आहेत. त्यांच्यापैकी काहींना महागड्या शिकवणीआधी आजोबांनी मराठीत समजावलेले घोड्याचे उदाहरण पुरेल.

गणपती विद्येची देवता. यंदा दहा दिवसांत एखाद्या सकाळी नातवंडांना घेऊन चतुर्भुज मंदिरापर्यंत चढून जावे, ते शून्य दाखवावे आणि त्या फुलबागेचे क्षेत्रफळ तिथेच काढायला सांगावे. उत्तर ५०,४९० चौरस हात येते.