पावाची भट्टी

आपले इतिहासाभ्यासक किल्ले, ताम्रपट व बखरी यांकडे आवर्जून वळतात. पावाच्या भट्टीकडे सहसा कोणी वळत नाही. वस्तुतः पश्चिम किनाऱ्यावरील पाच शतकांचे स्थित्यंतर त्या काजळलेल्या घुमटात साठलेले आहे.

आमचा जोयडा तालुका गोव्याला लागून असल्यामुळे ‘पोदेर’ हा शब्द आम्हांस परका नाही. १५१० साली पोर्तुगीजांनी गोवा जिंकला आणि कालांतराने गव्हाचे पीठ आंबवून भट्टीत भाजण्याची कला येथे रुजली. साष्टीच्या पोदेरांनी त्यासाठी माडाची सूर वापरली. ‘पाव’ हा शब्दही पोर्तुगीजच. विहिरीत पाव टाकून गाव बाटविल्याच्या कथा वसईकडे पिढ्यान्‌पिढ्या सांगितल्या गेल्या. त्या खऱ्या असोत वा नसोत, पाव ही लोकांच्या मनात धर्मांतराची खूण होती, एवढे त्यांवरून निश्चित कळते. तोच पाव आज वड्यासह मराठी माणसाच्या हाती आहे!

मुंबईत गोवेकर पोदेरांच्या जोडीस इराणी आले. धोबी तलावावरील ‘कयानी’ १९०४ सालचे. न्यूयॉर्कमधील ‘लोंबार्दी’ हे कोळशाच्या भट्टीचे पिझ्झागृहही आपली परंपरा १९०५ पासून सांगते. दोन्ही शहरांना रोजचा घास दिला तो पोटासाठी दूरदेशाहून आलेल्यांनी.

मुंबईतील अशाच एका जुन्या भट्टीपुढे आम्ही काही वेळ उभे होतो. विटांनी शोषून घेतलेली उष्णता आतील पावास चोहोंकडून सारखी लागते. लांब दांड्याच्या फळीने तो आत सारावा केव्हा व काढावा केव्हा, हे कारागिराची नजर ठरवते. ९ जानेवारी २०२५ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड व कोळसा जाळणाऱ्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनाकडे वळण्याचा आदेश दिला. ह्यावर हळहळणाऱ्यांनी भट्टीशेजारी राहणाऱ्यांच्या छातीत जाणाऱ्या धुराचाही विचार करावयास हवा.

सुरेची जागा यीस्टने घेतली तरी पाव राहिलाच. इंधन पालटल्यानेही तो नाहीसा होणार नाही. नाहीशी होईल ती त्या नजरेची विद्या. ती कोणत्याही बखरीत नाही. कारागीर हयात आहेत तोवर त्यांच्या तोंडून ती टिपून घेणे, हे आम्हां इतिहासप्रेमींचे कर्तव्य होय.