हाली आणि कलदार

परदेशी शिक्षणाचा विषय निघाला की आपल्या डोळ्यांसमोर आगबोट उभी राहते. परंतु निजामाच्या राज्यातील परभणी जिल्ह्यातल्या विद्यार्थ्याला १९४८ पूर्वी परमुलुखात पाऊल टाकण्यासाठी समुद्र ओलांडावा लागत नसे, मनमाडला गाडी बदलली की पुरे होई. घरून निघताना वडिलांनी कनवटीचा काढून दिलेला रुपया हाली सिक्क्याचा, त्याच्या एका बाजूस चारमिनार आणि चारमिनारच्या कमानीत निजाम उस्मान अलींच्या नावाचे आद्याक्षर. पत्रावर लावायचे तिकीट निजामी टपालाचे. कचेरीतल्या कागदावरचे साल फसली, ऑक्टोबरात सुरू होणारे, आणि महिने आजूर, दै, बहमन अशा नावांचे. सरहद्दीवर मालाची जकात घेणारे करोडगिरीचे खाते होते, आणि पलीकडे ब्रिटिश मुलुखात कलदार रुपयाचा अंमल. सहा कलदारांना सात हाली असा साधारण भाव असल्यामुळे बापाने पोटाला चिमटा घेऊन दिलेल्या चौदा रुपयांचे पुण्याच्या पेठेत बाराच होत. पोराचा परदेश इथूनच सुरू होई.

परमुलुखाची दुसरी वाट पूर्वेकडे जात असे. गोदावरीच्या खोऱ्यातून मनमाडपासून सिकंदराबादेपर्यंत मीटर गेज रेल्वे १९०० च्या सुमारास आली, आणि परभणी, सेलू, पूर्णा येथील मुलांना राजधानी हैदराबाद जवळ झाली. १९१८ मध्ये उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षणाचे माध्यम म्हणून एका देशी भाषेचा स्वीकार करणारे ते विद्यापीठ, पण ती भाषा उर्दू. राज्याच्या दफ्तरात फारसीची जागा उर्दूने १८८४ सालीच घेतलेली असल्याने वकील-मुनसफांच्या घरची मुले या भाषेला बिचकत नसत. तरीही घरी ओवी, शाळेत उर्दू आणि वसतिगृहात शेरवानी अशा तीन जगांत वावरणारा सोळा-सतरा वर्षांचा मुलगा पहिल्या काही आठवड्यांत मनाने कोठे राहत असेल, याचा विचार आपल्या शिक्षणाच्या इतिहासात फारसा झालेला नाही, आणि तो व्हावयास हवा होता असे मला तळमळीने वाटते.

विलक्षण गोष्ट अशी की भाषेचा खरा परकेपणा त्याला हैदराबादेत नव्हे, तर मराठीच्या माहेरी, पुण्यात भेटे. 'काय करायलास?' असे त्याने आपुलकीने विचारावे आणि 'काय करतो आहेस म्हण' अशी दुरुस्ती ऐकावी! आईच्या तोंडचे 'जायलाव', 'करायलोय' हे अशुद्ध, आणि बापाच्या कागदपत्रांतले शब्द यावनी, असा दुहेरी निवाडा ऐकून पुष्कळ मुले पहिला महिनाभर वर्गात तोंड उघडत नसत. आपल्याच भाषेत मुका होणे हे परक्या भाषेत मुके होण्यापेक्षा अधिक दुःखाचे आहे.

या मुकेपणातून त्याला बाहेर काढी ती वार लावून जेवण्याची चाल. गावच्या वकिलाची किंवा भटजींची चिठ्ठी घेऊन मुलगा एखाद्या ओळखीच्या दारी उभा राही. घरची माउली त्याला आपादमस्तक न्याहाळी, गाव कोणते, कोणाचा कोण हे विचारी, आणि म्हणे, 'मंगळवारी येत जा हो.' असे सात दिवसांचे सात उंबरे जुळेपर्यंत पहिले दोन-तीन आठवडे जात, आणि मधल्या रिकाम्या वारी भाजलेल्या शेंगांवर नि पाण्यावर निभावे. ज्वारीच्या भाकरीवर वाढलेल्या त्या मुलाच्या पानात पोळी पडे, आमटीत गूळ लागे. पण त्याहून नवी गोष्ट ही की तो सात घरांच्या सुखदुःखांत शिरे. एका घरी दळण आणून द्यावे, दुसऱ्या घरी धाकट्यांची उजळणी घ्यावी, तिसऱ्या घरी आजोबांना वर्तमानपत्र वाचून दाखवावे. शहराशी त्याची ओळख होई ती स्वयंपाकघराच्या दारातून.

मात्र ही चाल प्रामुख्याने ब्राह्मण घरांची होती, आणि तिचे गुणगान करताना हे विसरणे अन्यायाचे होईल. ज्याच्या जातीचे एकही घर त्या पेठेत नव्हते, किंवा ज्याला कोणत्याच घरी पंक्तीस बसू दिले जात नव्हते, त्या मुलाला सात वार कोठून मिळणार? डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने १९५० मध्ये औरंगाबादेस महाविद्यालय काढले, पुढे ते मिलिंद महाविद्यालय म्हणून नावारूपास आले. तेथे वसतिगृहाला एवढे महत्त्व का दिले गेले हे समजून घ्यायचे तर ही बंद दारे आधी आठवावी लागतात.

हैदराबादेत मराठी मुलाला आधार होता तो काचीगुडा, सुलतान बाजार या बाजूच्या मराठी वस्तीचा, आणि १९०७ साली निघालेल्या विवेकवर्धिनी या शिक्षणसंस्थेचा. तिच्या संस्थापकांतील केशवराव कोरटकर हे मूळचे वसमत तालुक्यातील पुरजळचे, म्हणजे तत्कालीन परभणी जिल्ह्यातलेच. स्वतः परमुलुखात रुजलेल्या माणसाने मागाहून येणाऱ्यांसाठी ओसरी बांधून ठेवावी, तसे ते कार्य आहे. तेथे जमणाऱ्या मुलांचे बोलणे गावच्या पावसापासून निघून नागरी हक्कांपर्यंत पोहोचे, आणि १९३७ साली संस्थानातील मराठी भाषकांच्या महाराष्ट्र परिषदेचे पहिले अधिवेशन त्या वेळी परभणी जिल्ह्यातच असलेल्या परतूरला भरले, तेव्हा अशा बोलण्यांना गावातच मांडव मिळाला.

पुढच्याच वर्षी, नोव्हेंबर १९३८ मध्ये, उस्मानियाच्या वसतिगृहात प्रार्थनेच्या वेळी वंदे मातरम् म्हटल्यावरून विद्यार्थ्यांना काढून टाकण्यात आले, आणि नागपूर विद्यापीठाने आपले दरवाजे त्यांना उघडून दिले. शेरवानी घडी करून ट्रंकेत ठेवायची, हालीचे कलदार करून घ्यायचे, नागपूर गाठायचे आणि पुन्हा नव्याने, 'गाव कोणते, कोणाचा कोण' या प्रश्नाला उत्तर द्यायचे. एकाच विद्यार्थीदशेत दोनदा परदेशी होण्याचा योग त्या पिढीच्या वाट्याला आला. या वेळी मात्र उत्तर देताना मान खाली नसे.

सप्टेंबर १९४८ मध्ये निजामी राजवट संपली, त्यानंतर करोडगिरीचे नाके गेले, हाली रुपयाही हळूहळू व्यवहारातून उठला, आणि २३ ऑगस्ट १९५८ रोजी औरंगाबादेस मराठवाडा विद्यापीठाचा आरंभ झाला. परभणीचा विद्यार्थी त्यानंतरही संध्याकाळच्या गाडीला वळकटी घेऊन उभा राही, आई फलाटावर भाकरीचे गाठोडे हाती देई, गाडीचे तोंडही मनमाडकडेच असे. पण वळकटी आता मनमाडच्या कितीतरी आधी खाली उतरे, आणि स्टेशनाबाहेरचा टांगेवालाच त्याला विचारी, 'कुठं चाललाव, मालक?'