प्लेग : शब्द एक, अर्थ अनेक

जुन्या वृत्तपत्रांकडे आपण बहुधा राजकीय इतिहासासाठी वळतो. विज्ञानाच्या इतिहासासाठीही ती तितकीच मोलाची आहेत. मात्र ती वाचताना एक पथ्य पाळावे लागते. ओळखीचा वाटणारा शब्द त्या काळी कोणत्या अर्थाने वापरला जात होता, हे आधी पाहावे लागते. ‘प्लेग’ या इंग्रजी शब्दाचेच उदाहरण घेऊ.

या शब्दाचे मूळ लॅटिनमध्ये असून तेथे त्याचा अर्थ घाव किंवा तडाखा असा आहे. इंग्रजीत तो कोणत्याही मोठ्या अरिष्टाला लावला जाऊ लागला. त्यामुळे एकोणिसाव्या शतकातील इंग्रजी बातम्यांत टोळांचा प्लेग आढळतो, गुरांचा प्लेग आढळतो आणि माणसांचाही. १८६५ साली इंग्लंडमध्ये गुरांच्या प्लेगने हाहाकार उडाला होता. हिंदुस्थानातील गुरांच्या प्लेगची चौकशी करणाऱ्या आयोगाचा अहवाल १८७१ साली आला.

आपल्या शेतकऱ्याला हा घोटाळा कधी पडला नाही. पहिल्या संकटाला तो टोळधाड म्हणे आणि दुसऱ्याला बुळकांडी. आजच्या विज्ञानाने पाहिले तर ही विभागणी अगदी बरोबर ठरते. टोळ हा कीटक आहे. बुळकांडी विषाणूमुळे होते. हा विषाणू गोवराच्या विषाणूचा जवळचा नातलग. माणसांचा प्लेग जीवाणूमुळे होतो. २०११ साली बुळकांडीचे जगातून उच्चाटन झाल्याचे जाहीर झाले. प्लेगचे तसे झालेले नाही.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकाशियो व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. या रोगाचा जीवाणू येर्सिन यांना दोनच वर्षांपूर्वी हाँगकाँगमध्ये सापडला होता. तरीही हा शब्द उच्चारायला सरकारी यंत्रणा कचरत होती. सुरुवातीला ‘गाठींचा ताप’ अशा सौम्य नावावर भागवले गेले. कारण उघड होते. प्लेग म्हटले की परदेशी बंदरे मुंबईच्या जहाजांना अटकाव करणार आणि व्यापार बसणार. इकडे मराठी लेखनात ‘ग्रंथिक सन्निपात’ असा संस्कृत पर्यायही आला, पण लोकांच्या तोंडी ‘प्लेग’च रुळला. इंग्रजीतला हा ऐसपैस शब्द मराठीत आला तो एकाच रोगाचे नाव होऊन.

रोग मुंबईपुरता राहिला नाही. १० मार्च १८९७ रोजी पुण्यात सावित्रीबाई फुले प्लेगने गेल्या. आमच्या नाशिकजवळच्या भगूर येथे १८९९ साली दामोदरपंत सावरकर याच रोगाने वारले.

आता प्रश्न असा की, नावांच्या या गोंधळात त्या वेळच्या बळींचा आकडा कसा काढायचा? बातम्यांत किंवा मृत्यूंच्या नोंदींत ‘प्लेग’ हा शब्द मोजून भागणार नाही. साथीच्या सुरुवातीचे कित्येक मृत्यू नुसत्या तापाच्या सदरात गेले. पुढे सक्तीच्या तपासणीच्या आणि विलगीकरणाच्या भीतीने घरच्यांनीही मृत्यू लपवले. म्हणून दुसरी वाट धरावी लागते. कारण काहीही लिहिलेले असो, त्या आठवड्यांतील एकूण मृत्यू घ्यायचे आणि आधीच्या वर्षांतील त्याच आठवड्यांशी ताडून पाहायचे. जादा दिसणारे मृत्यू साथीचा अंदाज देतात. रोगाचे नाव बदलता येते, एकूण मृत्यूंची संख्या लपवणे त्याहून अवघड असते. कोविडच्या काळातही शास्त्रज्ञांनी हीच रीत वापरली.

नावाला घाबरण्याची दुसरी बाजू १९९४ साली सुरतेत दिसली. बळी पन्नासच्या आसपास होते, पण ‘प्लेग’ हा शब्द छापून येताच लाखो लोकांनी शहर सोडले. १८९६ साली शब्द टाळल्याने नुकसान झाले. १९९४ साली शब्द पोचला, पण रोग कसा पसरतो आणि प्रतिजैविकांनी तो बरा होतो, ही माहिती त्याच्या बरोबरीने पोचली नाही.

वर्गात एक सोपा प्रयोग करता येईल. गावच्या वाचनालयात जुन्या अंकांचे बांधीव खंड असतील, तर मुलांना ‘ताप’, ‘मरी’, ‘साथ’, ‘प्लेग’ हे शब्द तारखेनिशी टिपायला सांगावेत. प्रत्येक शब्दापुढे एकच प्रश्न लिहावा : हे नाव कोणी दिले आणि कशावरून? रोगाच्या आजच्या बातम्यांनाही मुले मग हाच प्रश्न विचारू लागतील.