वंदा: झाडावरचा पत्ता

ऑर्किडमधल्या ‘वंदा’ प्रजातीचे नाव थेट संस्कृतातून आलेले. विल्यम जोन्स यांनी ते नोंदवले; १८२० मध्ये रॉबर्ट ब्राउन यांनी प्रजातीचे नाव म्हणून पक्के केले. संस्कृतात मात्र बांडगुळालाही वंदाच म्हणतात. मग जाड, राखाडी मुळ्या हवेत सोडून पावसाचे पाणी टिपणाऱ्या, फांदीचा रस न शोषणाऱ्या या ऑर्किडला परजीवीच्या पंक्तीत बसवणे अन्यायाचे नाही का? आक्षेप रास्त, पण अपुरा. हा शब्द वनस्पतीचा मुक्काम सांगतो, तिच्या पोटापाण्याची चौकशी करत नाही. खुद्द लिनिअसनेही १७५३ मध्ये झाडांवरची कितीतरी ऑर्किडे ‘एपिडेंड्रम’मध्ये, म्हणजे ‘झाडावर’ याच खात्यात, कोंबली होती! पुढे फुलांची रचना बारकाईने पाहून खाती बदलली; सिंगापूरचे राष्ट्रीय फूल ‘वंदा मिस जोकिम’ आता पॅपिलिओनँथे या प्रजातीत गेले आहे.